पुरं ऐका, मग हसा

शनिवारचा शेवटचा तास माझ्याकडे आला तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. मुख्याध्यापक सरांनी वेळापत्रकात पेन्सिलनं 'मोबाइल व वर्तन' एवढंच लिहून ठेवलं होतं. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठी शिकवता, मुलं तुमच्याशी मोकळं बोलतात. मोबाइलवर कसं वागायचं, राग आला तर काय करायचं, दुसऱ्याचं मन कसं ओळखायचं, असं काहीतरी सातवीला शिकवा. पुस्तक नाही, परीक्षा नाही." परीक्षा नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हणून बसले.

आमची शाळा चिकलठाण्याच्या बाजूला, जालना रोड सोडून थोडं आत. मुलं बहुतेक कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांची, काही दुकानदारांची, काही आजूबाजूच्या खेड्यांतून शहरात नव्यानं आलेल्या घरांतली. स्वतःचा फोन कुणाकडेच नाही, पण आईच्या फोनवर वर्गाचा ग्रुप मात्र प्रत्येकाचा. संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागली की फोन पोरांच्या हातात.

शाळेत मोबाइल आणायला बंदी, त्यामुळे मोबाइलचा तास मी मोबाइलशिवाय घ्यायचे. पहिल्या शनिवारी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'बरं'. म्हटलं, "हा मेसेज आला. पाठवणारा रागावलाय, की खुश आहे, की कंटाळलाय? म्हणून दाखवा." मग काय! एकानं लाडात म्हटलं, एकानं दात-ओठ खाऊन. एक मुलगी कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून असं "बरं!" म्हणाली की अर्ध्या वर्गाला आपापली आई आठवली. हसून हसून झाल्यावर एक जण आपणहून म्हणाला, "मॅडम, म्हणजे काल मी त्याच्याशी भांडलो ते उगाच भांडलो. तो साधंच 'बरं' म्हणाला असंल." ज्याच्याशी भांडण झालं होतं तो मागच्या बाकावरून ओरडला, "साधंच म्हणलो होतो रे!"

त्या तासापासून मला या मुलांचं अप्रूप वाटायला लागलं. मी अर्धं बोलावं आणि उरलेलं त्यांनी शोधून काढावं, असंच चालायचं. माफी कशी मागायची यावर बोलत होतो, तेव्हाही तसंच झालं. दोघांचं सायकलवरून वाजलं होतं. एक म्हणाला, "सॉरी, पण तूच आधी ढकललं." दुसरा फुगूनच बसला. मी काही सांगायच्या आत पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, 'पण' म्हटलं की दिलेली माफी परत घेतल्यासारखं होतं." त्या दिवसापासून वर्गानं ठरवून टाकलं, माफीत 'पण' चालणार नाही.

त्या वर्षी सातवीत एक नवी मुलगी आली होती. खुलताबादजवळच्या एका खेड्यातली. वडलांना इथल्या कंपनीत काम लागलं, म्हणून सगळं घर शहरात आलं. पोरगी चुणचुणीत, उंचीनं लहान, आवाज मात्र खणखणीत. एकदा परिपाठात गोष्ट सांगायची पाळी तिच्यावर आली. इतर मुलं पुस्तकातली गोष्ट पाठ करून येतात. ही आली ती गावाकडची खरी गोष्ट घेऊन. तिच्या अण्णांचा, म्हणजे वडलांचा, मोबाइल ओट्यावरून एका माकडानं उचलला आणि ते थेट चिंचेवर जाऊन बसलं.

"आण्णा खालून म्हणत्यात, दे रं बाबा, दे. ते काय देईना. लई येळ झाला. मंग माझी आई म्हणली, तुमच्या फोनला फोन लावा. आम्ही लावला, तर वर चिंचंत रिंग वाजाय लागली! माकडानं फोन कानाला लावला का नाय, व्हय, खरंच लावला!"

मैदानावर ओळीत उभी असलेली सगळी शाळा हसली. शिक्षकही हसले. तीही हसत होती, कारण हसवायलाच ती उभी राहिली होती. परिपाठाचं चित्रण आमच्याकडे रोज होतं आणि ते पालकांच्या ग्रुपवर पडतं. त्या दिवशीचंही पडलं.

आठवड्याभरात पोरगी बदलली. वर्गात विचारलं तर 'हो', 'नाही', एवढंच. एकदा उत्तर देताना तिनं 'लई' म्हणायला तोंड उघडलं, मध्येच थांबली आणि 'खूप' म्हणाली. तो 'खूप' तिच्या तोंडात इतका परका वाटला की माझं लक्ष शिकवण्यावरून उडालं. डबा खातानाही ती एका कडेला. शेवटी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "मॅडम, तिचं गाणं केलंय. तुम्ही बघितलं नाही?"

मग मी ते मिळवून बघितलं. वर्गातल्याच एका मुलानं पालकांच्या ग्रुपवरचा व्हिडिओ आईच्या फोनवरून घेतला होता. त्यातले 'लई येळ' आणि 'व्हय, व्हय' तेवढे कापून, पुन्हा पुन्हा जोडून, खाली ढोलकीचा ठेका टाकला होता. तिचा चेहरा मोठा करून डोळे बाहेर काढले होते. काम सफाईदार होतं, ठेका तर इतका पक्का की पाय हलावा. त्यात माकड नव्हतं, चिंच नव्हती, अण्णा नव्हते. राहिलं होतं ते फक्त एका मुलीचं बोलणं आणि त्याला हसणारे लोक.

सरांना कळलं तेव्हा ते चिडले. "त्या पोराला आठवडाभर घरी बसवतो," म्हणाले. मी म्हटलं, "आधी तिला विचारू द्या."

वाचनालयात कुणी नव्हतं तेव्हा तिला बोलावलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून मग सरळ विचारलं, "मला माहीत झालंय. तुला काय व्हावंसं वाटतं ते सांग."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "त्याला शिक्षा नको. फक्त माझ्या अण्णांपर्यंत जाऊ देऊ नका."

"का गं? ते तुला रागावतील?"

"नाही. अण्णा असंच बोलतात ना, मॅडम. मी त्यांच्यासारखीच बोलते. ते कंपनीत नवीन आहेत. त्यांनी ऐकलं तर त्यांना वाटंल, आपल्या बोलण्याला सगळे हसतात. मग ते बोलायचंच बंद करतील." आणि मग एकदम तिचा खरा आवाज आला, "आमच्या घरात तेच लई बोलत्यात."

बारा वर्षांची मुलगी. तिचं हसू झालं होतं आणि ती वडलांचा आवाज वाचवायच्या काळजीत होती. दुसऱ्याचं मन ओळखायला या तासात शिकवायचं, असं सर म्हणाले होते. मला त्या क्षणी कळेना की कुणी कुणाला शिकवायचं.

सरांना सांगून शिक्षा थांबवली. मग पुढच्या शनिवारी वर्गात हा विषय काढू का, असं तिला विचारलं. व्हिडिओ दाखवणार नाही, तिला काही बोलावं लागणार नाही, नको असेल तर त्या तासाला तिनं वाचनालयात बसावं, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "काढा. मी वर्गातच बसते."

शनिवारी मी फळ्याच्या मधोमध एक गोल काढला. म्हटलं, "हा तो व्हिडिओ. सगळ्यांना माहीत आहे कुठला. कुणी केला हे मी विचारणार नाही. तो इथून कुठं कुठं गेला, तेवढं मला या फळ्यावर हवंय. ज्यानं पाठवला त्यानं यावं आणि बाण काढावा."

कुणी हलेना. बाहेर मैदानावर पाचवीची कवायत चालली होती, तिची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, आपलं चुकलं, जास्तच मागितलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची, तीच 'पण'वाली मुलगी उठली. खडू घेतला, गोलातून एक बाण काढला आणि लिहिलं, 'वेरूळची मावशी'. खडू ठेवून जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून दुसरा उठला, 'ट्यूशनचा ग्रुप'. तिसरी, 'पुण्याचा दादा'. मग रांगच लागली. जालना, पैठण, सोसायटीचा ग्रुप, क्रिकेटचा ग्रुप. कुणी हसत नव्हतं. बाण वाढत गेले तसा वर्ग गप्प गप्प होत गेला. एवढ्या लांब आपण काय पाठवलं, हे त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं.

सगळ्यात शेवटी, ज्यानं तो व्हिडिओ केला होता तो मुलगा उठला. मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, मुद्दाम. वर्गात हुशार, हात चलाख, जरा मिजासखोर. तो फळ्यापाशी गेला आणि त्यानं गोलाच्या आत स्वतःचं नाव लिहिलं. मी ते मागितलं नव्हतं.

मग मागून त्या नव्या मुलीचा आवाज आला. तिला बोलायची गरज नव्हती, तरी ती उभी राहिली होती.

"माकडाला हसले त्याचं मला काय नाय. मीच हसवत होते. पण ते हसू माकडावरून माझ्यावर कधी आलं, ते मला कळलंच नाय."

एवढं म्हणून ती खाली बसली. या विषयावर मी नंतर बरंच वाचलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही जाऊन आले. चेष्टा कुठं संपते आणि छळ कुठं सुरू होतो, हे इतकं नेमकं मला पुन्हा कुणी सांगितलेलं नाही.

पुढं काय करायचं ते वर्गानंच ठरवलं. ज्यानं जो बाण काढला, त्यानं त्या बाणानं परत जायचं. ज्याला पाठवला त्याला पुसून टाकायला सांगायचं, आणि त्यानं पुढं कुणाला पाठवला तेही विचारायचं. मी फक्त एक अट घातली की मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही, फोनवर किंवा समोर उभं राहून बोलायचं आणि कारण सांगायचं.

हे सोपं नव्हतं. मोठ्या माणसांपुढं उभं राहून 'आपण चुकलो' म्हणायचं आणि 'तुम्हीही चुकलात' हे न दुखवता सुचवायचं, हे मला स्वतःला जमेल की नाही, सांगता येत नाही. मुलं करत होती. मधल्या सुट्टीत येऊन सांगायची. वेरूळची मावशी म्हणाली, "अगं, मला वाटलं टीव्हीवरचं काहीतरी असंल. तुझ्या वर्गातली आहे होय ती?" आणि तिनं लगेच पुसला, शिवाय पुढं जिला पाठवला होता तिलाही फोन केला. पुण्याचा दादा हसला, "एवढं काय त्यात?" म्हणाला. तेव्हा त्या मुलीनं त्याला विचारलं, "तुझा होस्टेलमधला रडतानाचा फोटो मी ग्रुपवर टाकू का?" दादानं फोन चालू असतानाच पुसला म्हणे. एकाच्या काकांनी मात्र त्यालाच झापलं, "मोठ्यांना शिकवतो का?" तो हिरमुसून आला. वर्गानं त्याला मध्ये बसवून घेतलं, सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं त्याला दिलं. तेही मी सांगितलं नव्हतं.

आणि मग एक बाण फिरत फिरत कंपनीत पोचला. एका मुलाच्या मामानं तो आपल्या कामावरच्या लोकांना पाठवला होता. मामा म्हणाला, "तो तर आमच्याकडं कधीच फिरून गेला. जेवणाच्या सुट्टीत वाजवत होते." कंपनी तीच होती, जिथं तिचे अण्णा कामाला लागले होते.

ते ऐकून तिचा चेहरा उतरला. मी तिला विचारलं, "अण्णांना शाळेत बोलावू? आपण दोघी मिळून सांगू." ती म्हणाली, "बोलवा."

अण्णा पहिली पाळी संपवून, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच आले. सडपातळ माणूस, केस व्यवस्थित विंचरलेले, बहुतेक फाटकापाशी विंचरले असावेत. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मी शब्द जुळवून जुळवून सांगायला लागले, तर दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला.

"मॅडम, ऐकलंय म्या ते."

"कधी?"

"लई दिस झाले. जेवायला बसलो व्हतो. एकानं लावलं, समदे हसाय लागले. पयल्याच शब्दाला वळखलं, ही तर आपली पोरगी. त्या दिशी काय बोललो नाय. घास बी उतरंना. घरी गेलो, तर पोरगी गप. म्हणलं, हिला ठाव नसंल. कशाला सांगायचं? लेकराचं मन मोडंल." मग म्हणाले, "मंग दुसऱ्या दिशी पुन्हा कुणीतरी लावलं. तवा उठलो. म्हणलं, भाऊ, ती माझी पोरगी हाय. आदी पुरं ऐका, मंग हसा. आन् माकडाची समदी गोष्ट सांगितली त्यास्नी, पयल्यापासून."

"मग?"

"मंग काय, हसले की! मनापासून हसले. आता मला जेवताना म्हणत्यात, आण्णा, दुसरी सांगा."

मी उठून मुलीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत.

"तुम्ही ऐकलंत?" तिनं विचारलं.

"ऐकलं की."

"मंग मला का नाय सांगितलं?"

"तू तरी मला कुठं सांगितलं?"

मग तिनं विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं?"

पुष्कळ बाप इथं 'छे' म्हणाले असते. अण्णा म्हणाले, "वाटलं. लई वाटलं. तुझ्यासाठी बी आन् माझ्यासाठी बी." आणि त्यांनी खुर्चीवरून उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा ती रडली. इतके दिवस आवरलेलं सगळं रडली आणि अण्णांनी तिला गप्प केलं नाही, रडू दिलं.

व्हिडिओ करणारा तो मुलगा त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी गेला नव्हता. अण्णा येणार हे कळल्यावर 'मला त्यांना भेटायचंय' असं त्यानंच मला सकाळी सांगितलं होतं. तो आत आला. सांगायचं पाठ करून आला असावा, कारण हात मागं बांधून एका दमात सुरू झाला, "काका, मी तो व्हिडिओ केला. मला वाटलं गंमत होईल, पण..." आणि थांबला. कान लाल झाले. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "काका, मी तो व्हिडिओ केला. तिला विचारलं नाही. तिची गोष्ट मी तोडली. तिच्या बोलण्याला लोक हसले ते माझ्यामुळं. मी चुकलो." मग तिच्याकडे वळून, "मी चुकलो."

अण्णा म्हणाले, "बाबा, ठेका तू झकास धरला. ते मला जमायचं नाय. पर तिला आदी इचारायचं व्हतं."

"हो."

मी मुलीकडे बघितलं. अशा वेळी मोठी माणसं घाई करतात. चला, हात मिळवा, झालं गेलं विसरा. माझ्याही तोंडावर ते आलं होतं. त्याआधी तीच बोलली. डोळे पुसून, सावकाश, त्याच्याकडे बघून.

"मी अजून तुला माफ नाय केलं. करीन. पर आज नाय."

मुलगा म्हणाला, "चालंल."

लेकीच्या या उत्तराला अण्णांनी नुसती मान डोलावली, एखाद्या मोठ्या माणसाचा शब्द ऐकल्यासारखी. मला वाटतं, आमच्या त्या बिननावाच्या तासात जे काही शिकायचं होतं ते सगळं त्या तिघांनी त्या खोलीत करून दाखवलं होतं.

व्हिडिओ सगळीकडून गेला असं मी म्हणणार नाही. काही बाण अर्ध्यातच राहिले, क्रिकेटच्या ग्रुपवरून तो कुठं कुठं गेला याचा पत्ताच लागला नाही. मुलांना याचं वाईट वाटलं आणि ते वाटणंही मला योग्यच वाटलं. पण वर्गात पोरगी पुन्हा तिच्या आवाजात बोलायला लागली. तिनं त्याला माफ केव्हा केलं मला कळलं नाही, विचारलंही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी दोघं विज्ञानाच्या प्रकल्पावरून कडाडून भांडताना दिसली. ती म्हणत होती, "लई शहाणा लागून गेला!" तो म्हणत होता, "तुला काय कळतंय चुंबकातलं!" मी ओळखलं, झालं आता सगळं नीट.

एक गोष्ट मात्र आम्ही मोठ्यांनी बदलायची राहिली होती. मी सरांना म्हटलं, "सर, मूळ व्हिडिओ तर आपणच टाकला होता. आपण तरी तिला कुठं विचारलं?" सर म्हणाले, "खरंय. उद्यापासून विचारू."

दुसऱ्या दिवशी परिपाठात पाचवीतल्या एका मुलीनं कविता म्हटली. गोड म्हटली. चित्रण करणाऱ्या शिक्षकांनी तिच्यासमोर वाकून विचारलं, "बाळा, हे पालकांच्या ग्रुपवर टाकू का?" तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसावा. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या बुटांकडे. चांगला विचार केला आणि म्हणाली, "नको, सर. फक्त आईला दाखवा."

त्या शिक्षकांनी तिच्यासमोरच आईचा नंबर शोधला, तेवढ्या एकीलाच व्हिडिओ पाठवला आणि तिला बघायला दिला. ती टाचा उंच करून फोनमध्ये बघत होती, गेला का, पोचला का.